कोयत्याच्या हिशेबातलं बालपण

1 एप्रिल 1930 रोजी शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. चौदा वर्षांखालच्या मुलीचं आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचं लग्न लावणं त्या दिवसापासून गुन्हा ठरलं. नगर जिल्ह्यात ठरलं, पुण्यात ठरलं, सोलापुरात ठरलं. नांदूरघाटात ठरलं नाही. आज बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात असलेलं, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचं हे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, आणि दिल्लीच्या विधिमंडळातला कायदा निजामाच्या हद्दीत शिरत नव्हता. हैदराबाद संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आलं. शारदा कायदा मात्र जुन्या संस्थानी मुलखात पोचायला 1951 उजाडलं.

त्या एकवीस वर्षांनी फार काही बिघडलं असं म्हणता येत नाही, कारण हद्दीच्या पलीकडे कायदा होता तिथेही तो कागदावरच होता. 1929 च्या सप्टेंबरात कायदा मंजूर झाला आणि अंमलाला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी झुंबड उडाली की 1931 च्या जनगणनेच्या अधिकाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागली. पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींची संख्या दहा वर्षांत 85 लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेली होती. संस्थानी हद्द जवळ असेल तर वऱ्हाड पलीकडे नेऊन लग्न उरकण्याची युक्तीही लोकांनी काढली. कायद्याला बगल देण्याचं शहाणपण आपल्याकडे कायद्याइतकंच जुनं आहे.

या कायद्यामागे एक चौकशी होती आणि तिचा अध्यक्ष मराठी होता, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. त्यांच्या संमतिवय समितीने 1928-29 मध्ये हजारो प्रश्नावल्या वाटल्या, चारशेच्या आसपास साक्षी नोंदवल्या, डॉक्टरांना आणि बायकांना विचारलं. कोवळ्या वयातलं मातृत्व, बाळंतपणातले मृत्यू, दगावणारी अर्भकं, खुरटलेली शरीरं यांचा एकमेकांशी संबंध जोडून दाखवला. लहान मुलांवर होणाऱ्या अन्यायाची कारणं आणि परिणाम यांचा आपल्याकडचा हा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. पण त्याची कक्षा ब्रिटिश हद्दीपुरती. भीर, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यातल्या मुलींना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या काळातही त्यांना विचारलं गेलं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी विषयासाठी, आणि या लेखाचा रोख त्यावरच आहे.

तीसच्या दशकातला बालविवाह आणि आजचा बालविवाह यांना आपण एकच नाव देतो, पण त्यांची मुळं वेगळ्या मातीत आहेत. पहिला रूढीने होत होता. दुसऱ्याला साखरेने आकार दिला.

प्रवरेच्या काठी लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाटाचं पाणी तिकडे, ऊस तिकडे, भांडवल तिकडे. तोडायला माणसं हवी होती आणि ती बालाघाटावर होती: कोरडवाहू, हलकी जमीन, एका पावसावर अवलंबून असलेली बाजरी. मग 1972 चा दुष्काळ आला. रोजगार हमीच्या खडीवर बीडची माणसं जगली खरी, पण पोट भरायला घर सोडावं लागतं ही सवय त्या वर्षांनी घट्ट केली. नगर, पुणे, सांगली, कोल्हापूर, पुढे सीमेपलीकडे बेळगावपर्यंत टोळ्या जाऊ लागल्या. दसरा झाला की गावं रिकामी होतात ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. गडी ऊस तोडतो, बाई पाचट साळून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. ती पूर्वी काही हजारांची असे, अलीकडच्या हंगामांत जोडीमागे लाखाच्या घरात गेली आहे. उचल फिटेपर्यंत अंगावर काम राहतं. आजारपणात, बाळंतपणात एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि तो मजुरीपेक्षा जास्त कापला जातो. फडावर निघायची वेळ पहाटे तीन-चारची. या हिशेबात मूल कुठेच लिहिलेलं नाही. ते येतं ते आईच्या कडेवरून.

कडेवरचं मूल बांधाला, झोळीत, गाडीखाली. चालतं झालेलं मूल कोपीभोवती, म्हणजे तळावरच्या झोपडीभोवती. आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर तिच्याकडे सगळं घर: धाकटा भाऊ सांभाळायचा, पाणी आणायचं, पाचटाच्या कोपीत चूल पेटवायची, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. शाळा गावात राहिली. हजेरीपटावर नाव असतं, मूल नसतं. राज्यभरात चौदा वर्षांखालची अशी किती मुलं टोळ्यांबरोबर हिंडतात, याचा स्वयंसेवी संस्थांचा अंदाज दोन लाखांच्या आसपास जातो.

ज्यांना मुलं मागे ठेवणं शक्य होतं ते आजीजवळ ठेवतात. आजी म्हणजे वीस-पंचवीस हंगाम ऊस तोडून कंबर मोडलेली बाई. तिच्याकडे तीन-चार घरांची नातवंडं. पोरगं आजीजवळ खपून जातं. मुलगी मात्र वयात आली की तोच प्रश्न दर दसऱ्याला उभा राहतो: हिला कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही, नहाणीला आडोसा नाही, टोळीत परके गडी. ठेवावी तर गावात कमी-जास्त झालं म्हणजे तोंड कुठे दाखवायचं? त्यावर शोधलेला उपाय म्हणजे तिला उजवून टाकणं. मुलगी लहान असली की हुंडा कमी पडतो, थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकता येतं, आणि सासरी गेलेली मुलगी नवऱ्यासोबत नवा कोयता होते. मुकादमाला जोडी मिळते, सासऱ्याला वाढीव उचल. तिच्या आईबापांना ही क्रूरता वाटत नाही. त्यांच्या लेखी ते पोरीचं रक्षण असतं, आणि त्यांच्यापुढच्या वाटा पाहता मला ते खोटं म्हणवत नाही.

ही घडी बसत होती त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला बालछळाचं शास्त्र जन्माला येत होतं. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी 1962 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. 71 रुग्णालयांकडून त्यांनी माहिती मागवली होती: 302 मुलं, त्यांतली 33 दगावलेली, 85 जणांच्या मेंदूला कायमची इजा. आईबाप सांगत, पडला. क्ष-किरणांच्या चित्रात वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसत. पाच वर्षांच्या आत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी डॉक्टरांना अशा मुलांची खबर देणं बंधनकारक केलं. मार दिसतो, चित्रात येतो, म्हणून शास्त्र मारापासून सुरू झालं. उपेक्षा चित्रात येत नाही. ती मोजायला अभ्यासकांना आणखी दोन दशकं लागली, आणि मोजली तेव्हा कॅथी विडम यांच्या 1989 च्या अभ्यासात दिसलं की नुसती आबाळ झालेली मुलंही पुढे हिंसक गुन्ह्यांत इतरांपेक्षा जास्त सापडतात, मार खाल्लेल्या मुलांच्या थोडीच मागे. मात्र त्यांतलीही बहुसंख्य मुलं गुन्हेगार झाली नव्हती. ही दुसरी बाजू सांगायची राहून जाते.

मग 1998 मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा सॅन डिएगोतला अभ्यास आला. फेलिटी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत. वजन उतरू लागलेली माणसं मध्येच उपचार सोडून का जातात हे शोधताना त्यांना एकामागून एक रुग्णांच्या बालपणात अत्याचार सापडत गेले. हजारो लोकांना विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न हे काहीच न सोसलेल्यांच्या चौपट ते बारापट होते. हृदयविकार, कर्करोग, यकृताचे आजारही जास्त. ही माणसं आरोग्यविमा असलेली, बहुतांश महाविद्यालयात गेलेली, खाऊन-पिऊन सुखी होती, म्हणून गरिबीकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.

या सगळ्या शास्त्रात एक गृहीतक दडलेलं आहे. छळणारा किंवा दुर्लक्ष करणारा माणूस घरात असतो, आणि त्याला वेगळं वागता आलं असतं. डेन्व्हरमध्ये ते बहुधा खरं असेल. पहाटे तीनला बाळ पाचटावर निजवून फडात जाणाऱ्या बाईला ते लावून पाहिलं की शास्त्र अडखळतं. आबाळ झाली, यात वाद नाही. केली कुणी? बाईने, की खाडा कापणाऱ्या मुकादमाने, की मुकादमाशी करार करून मजूर आमचे नव्हेतच म्हणणाऱ्या कारखान्याने?

भारत सरकारने हा विषय देशपातळीवर मोजला तो 2007 मध्ये. महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला. महाराष्ट्र त्या तेरांत होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ला होता. 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. घरात मारणाऱ्यांत बहुतेक वेळा आईबापच होते. या अहवालाने सरकारी गोटात खळबळ माजवली आणि 2012 च्या पोक्सो कायद्याची वाट सोपी केली. त्यातला एक आकडा कमी चर्चिला गेला. 48.4 टक्के मुलींनी सांगितलं होतं की आपण मुलगा असतो तर बरं झालं असतं.

अहवालाने मुलांचे पाच गट पाडले होते: घरातली, शाळेतली, कामावरची, संस्थेतली, रस्त्यावरची. ऊसतोडीवरचं मूल सहा महिने एका गटात आणि सहा महिने दुसऱ्यात, कधी एकाच दिवसात तीन गटांत. अशा चौकटीत ते मावत नाही.

म्हणून बीडच्या बालपणाचा अभ्यास शोधायचा तर तो भलत्याच फायलींत सापडतो. पहिली फाईल जनगणनेची. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये 2001 साली 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807 उरल्या, राज्यात सर्वांत कमी. परळीच्या मुंडे डॉक्टर दांपत्याचा खटला याच काळातला. 2012 मध्ये एका बाईचा बेकायदा गर्भपातात जीव गेला आणि 2019 मध्ये दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलीच्या जन्माआधीच तिचा हिशेब मांडला जात होता, तर जन्मानंतरच्या आबाळीचं वेगळं आश्चर्य काय?

दुसरी फाईल गर्भाशयांची. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली; 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांत पस्तिशीच्या आतल्या कितीतरी. चर्चा झाली ती खासगी डॉक्टरांच्या लोभाची आणि खाड्याच्या भीतीची, आणि दोन्ही खरीच होती. पण या बायकांची आयुष्यं मागे उलगडली तर पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, लगेच बाळंतपण, ओल्या अंगाने फडावर, विशीत दोन-तीन लेकरं आणि नसबंदी, मग अंगावरून जाणं, पोटदुखी, आणि एक दिवस डॉक्टरचं ‘पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल’. मोरोपंत जोशींच्या समितीने त्याच्या नव्वद वर्षं आधी जे लिहिलं आणि फेलिटींनी ज्याचा पाठलाग केला, तेच इथे होतं. फक्त या अहवालाच्या पुठ्ठ्यावर बालपण हा शब्द नव्हता.

तिसरी फाईल राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची. 2019-21 च्या फेरीत विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7. मग कोरोना आला. शाळा बंद, मोबाइल एकच आणि तोही बापाच्या खिशात, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा म्हणजे खर्चही कमी. पोरी उजवायला यापेक्षा सोयीचा काळ कुठला मिळणार? 1929-30 च्या त्या सहा महिन्यांची आठवण व्हावी अशी घाई पुन्हा झाली.

त्या वर्षांत बीडमध्ये लग्नं थांबवणारी माणसंही दिसू लागली. अशोक तांगडे आणि तत्त्वशील कांबळे ही त्यांतली परिचित नावं; दोघेही तेव्हा बाल कल्याण समितीच्या कामात होते. मुलांसाठीच्या 1098 या मदतवाहिनीवर निरोप येतो, बहुतेकदा निनावी, कधी खुद्द मुलीचा किंवा तिच्या मैत्रिणीचा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून कायद्याने नेमलेला असतो ग्रामसेवक, आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. तिला त्याच गावात राहायचं असतं, त्याच बायकांच्या लेकरांना खिचडी वाढायची असते, म्हणून तिच्याकडून खबर फुटणं किती अवघड हे सांगायला नको. पोलीस पोचतात तेव्हा कधी हळद लागलेली असते, कधी ‘वाढदिवस आहे’ असं सांगितलं जातं. शाळेचा दाखला काढला जातो, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं. मुलीला समितीपुढे उभं करतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशी मुलगी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते; ही तरतूद चांगली आहे.

पण अशी मुलगी शेवटी परत त्याच घरात जाते. काही लग्नं मग आठवड्याभरात नातेवाइकाच्या गावी, रात्री, फोटो न काढता लागतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच ठरवला. त्यामुळे गरोदर अल्पवयीन मुलगी सरकारी दवाखान्यात आली की डॉक्टरने पोलिसांना कळवणं भाग पडतं, आणि घरचे तिचं वय वाढवून सांगतात किंवा तिला नेतच नाहीत. न्यायालयाचा निकाल मी चुकीचा म्हणणार नाही. पण नांदूरघाटासारख्या गावात त्याचा पहिला परिणाम असा की जिला दवाखान्याची सगळ्यांत जास्त गरज तीच तिथून लपवली जाते.

उपाय झालेच नाहीत असं नाही. 2000 नंतरच्या दशकात औरंगाबादच्या ‘जनार्थ’ने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या, पण तिथे शिकलेल्या मुलाला गावात परतल्यावर कुठल्या वर्गात बसवायचं, हा घोळ कायम राहिला. बीडच्या जिल्हा परिषद शाळांतून हंगामी वसतिगृहं निघाली: मूल गावातच, दोन वेळचं जेवण शाळेत, रात्री आजीकडे. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ उभं केलं ते याच मुलांसाठी. 2021 मध्ये सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर केली, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. तालुक्याला मुलींचं एक वसतिगृह म्हटल्यावर केजसारख्या तालुक्यातल्या किती जणींना जागा मिळेल, याचा हिशेब वाचकाने करावा.

2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाचा दर 366 रुपयांवर गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बीडच्या साखरेमागची उचल, बालविवाह आणि गर्भपिशव्या यांवर मोठा लेख छापला आणि जगभरच्या शीतपेय कंपन्यांना खुलासे करावे लागले. दरवाढीच्या करारात मात्र विषय टनाचा होता. जोडीऐवजी एकेकट्या माणसाची नोंद, अठराखालच्या मुलीला कोयत्यात न धरण्याची मुकादमावर सक्ती, बाळंतिणीला खाडा माफ: अशा कलमांसाठी टोळीच्या बाजूने टेबलावर कुणी बसलं होतं का, हे विचारायला हवं.

बालविवाह रोखण्याची मोहीम जिल्ह्यात दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आसपास जोर धरते. पट्टा पडलेला असतो, टोळ्या परतलेल्या असतात, मांडव दिसतात, म्हणून पथकं तेव्हा निघतात. मृग बरसला की ती आवरतात. त्यानंतर आषाढ-श्रावणात मुकादम घरोघर फिरून उचल देतो, किती कोयते येणार हे लिहून घेतो, आणि त्या यादीवर पोरींची वयं तपासायला कुणी येत नाही.